राखाडी शेवया

सातव्या कपात काहीच नव्हतं. म्हणजे चहा होता, तांबूस, कडेला सोनेरी झाक असलेला, दिसायला इतरांसारखाच. तिने चमचाभर तोंडात घेतला, जिभेवरून मागे फिरवला, चाकांच्या पिकदाणीत थुंकला आणि थांबली. सव्वीस वर्षांत असं थांबावं लागलं नव्हतं. चव आपल्या पायांनी चालत यायची, आपलं नाव सांगायची, हिने फक्त वहीत टिपून घ्यायचं. त्या मंगळवारी कुणी आलंच नाही. तिने दुसरा चमचा घेतला. शेजारी तिच्या हाताखालचा चाखणारा उभा होता. वयाने पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, पण अंगाने असा की अख्खा कारखाना त्याला काडी म्हणायचा. त्याने आपला चमचा धुतला आणि सहज म्हटलं, "कुबट आहे ना मॅडम हा? गोणी भिजली असणार." ती म्हणाली, "हो, तेच बघत होते." आणि वहीत लिहिलं: सात, कुबट, परत. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. कुणाला काही कळलं नाही. पुढचे कप तिने भराभर उरकले, ते बरोबरही आले, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तशी ती डळमळणाऱ्यांतली नव्हती. घरात, कारखान्यात, भाजीवाल्यापुढे तिचा शब्द शेवटचा असायचा आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे, कारण तो बहुतेक वेळा बरोबरच असायचा. सकाळी लांब पांढऱ्या टेबलावर कपांची रांग लागायची. प्रत्येकात सारख्या वजनाची पत्ती, सारखं उकळतं पाणी, वर झाकण, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. मग ती रांगेच्या टोकापासून निघायची. एक चमचा, एक भुरका, एक थुंक, एक शब्द. तिने 'चालेल' म्हटलं की गोण्याच्या गोण्या मिसळणीच्या ढोलात जायच्या, 'परत' म्हटलं की दारात उभा असलेला ट्रक वळायचा. घरोघरची माणसं सकाळी डोळे चोळत जो चहा प्यायची, तो गेल्या वर्षीसारखाच लागायचा तो हिच्या जिभेमुळे, आणि त्या माणसांना याचा पत्ताही नव्हता, हे तिला फार आवडायचं. चार महिन्यांपूर्वी मालकांनी चाखायच्या खोलीची एक भिंत पाडून तिथे काच बसवली. पलीकडे खुर्च्या मांडल्या, तिथे आवाज पोचावा म्हणून टेबलाच्या वर छताला मायक्रोफोन टांगला. गिऱ्हाइकं, शाळांच्या सहली, मालकांचे पाहुणे तिथे बसून बघायचे. पहिल्याच आठवड्यात सहलीतल्या एका मुलीने हिच्या भुरक्याची नक्कल केली आणि पलीकडे हशा पिकला. काचेतून हसणं ऐकू येत नव्हतं, नुसती उघडलेली तोंडं दिसत होती. तीही हसली, त्यात काय एवढं म्हणाली आणि पुढच्या कपाकडे गेली.

त्या मंगळवारनंतर तिने एक युक्ती काढली, आणि ती युक्ती आहे हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. पूर्वी ती आधी बोलायची, मग बाकीच्यांनी माना डोलवायच्या. आता ती चमचा धुता धुता काडीला विचारायची, "तुझं काय म्हणणं?" काडीला वाटायचं, मॅडम आपल्याला तयार करताहेत. तो हुरळून जायचा, जीव ओतून चाखायचा आणि बरोबर सांगायचा. धुरकट, करपट, पाणचट हे तिचं तिलाही कळत होतं. असल्या चवी मोठ्याने बोलतात, त्या कुणालाही कळतात. हळू बोलणाऱ्या तेवढ्या तिला चुकवून निघून जात होत्या. रंग डोळ्यांना कळतो, उमललेली पत्ती बोटांना कळते. या दोघांच्या आधाराने आणि काडीच्या तोंडाकडे बघत तिने दिवस काढले, कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. चौथ्या आठवड्यात मालकांनी वर बोलावलं. वर नवी खोली झाली होती, खिडकी रस्त्याकडे, खुर्ची पाठीला टेकू देणारी. "बाई, उभं राहून राहून पाय किती वर्षं दमवणार?" मालक म्हणाले. "इथे बसा. सल्लागार. खालचं टेबल काडी बघेल. नाहीतर नवा हंगाम तुम्हीच घ्या, पण मग तीन वर्षं मधेच सोडायचं नाही. पुढच्या सोमवारी सांगा." मालक सरळ माणूस होते, बोलण्यात खोच नव्हती. तरी जिना उतरताना तिला वाटलं, यांना कळलं. खोली चांगली होती. हवा, उजेड, सगळं होतं, फक्त तिथे एकही कप नव्हता.

तोवर तिचा शेवयांचा शोध सुरू झालेला होता. मागच्या वर्षी कंपनीने तिला जपानला पाठवलं होतं, चहाच्या मळेवाल्यांच्या बैठकीला, नऊ दिवस. शेवटच्या दिवशी दुपारी गाडीला तासभर वेळ होता म्हणून ती स्टेशनमागच्या गल्लीत शिरली. नऊ स्टुलांचं एक दुकान होतं. भिंतीवरच्या पाट्या वाचता येईनात, तेव्हा तिने शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. समोर बांबूच्या चटईवर थंडगार राखाडी शेवया आल्या, अंगावर बारीक काळे ठिपके असलेल्या, आणि एका वाटीत काळपट खारं पाणी. सोबा, असं दुकानदार दोनदा म्हणाला. शेजारी एक टायवाले आजोबा होते, त्यांनी टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधे खोचलेलं होतं. त्यांनी खुणेने सांगितलं, पहिला घास नुसता, मग बुडवून. तिने नुसता घेतला. आधी काहीच नाही. मग जात्याजवळ यावा तसा भाजलेल्या पिठाचा वास, त्याच्या मागे काहीतरी हिरवं, देठ मोडल्यावर येतं तसं, आणि गिळून झाल्यावर अगदी शेवटी एक गोडसरपणा, जो साखरेचा नव्हता. इतकी हळू बोलणारी चव तिला आयुष्यात भेटली नव्हती आणि ती तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. स्टुलावर बसल्या बसल्या तिला वाटलं, आता जगात आपल्याला न कळण्यासारखं काही उरलं नाही. ही बढाई होती, पण ऐकायला कुणी नव्हतं, आणि खरं म्हणजे ती खरी होती. त्या मंगळवारी कारखान्यातून घरी येताना तिला हे सगळं आठवलं आणि तिने हिशेब मांडून टाकला. तीच चव पुन्हा जिभेवर आणायची. आली तर जीभ शाबूत आहे, सातवा कप म्हणजे नुसती ठेच. नाही आली तर नाही. पुढे मालकांनी तारीख दिल्यावर तिने त्यांना द्यायचं उत्तरही याच शेवयांवर टाकून दिलं.

घरात मात्र तिने सांगितलं ते एवढंच, की तोंडाला त्या शेवयांची आठवण झाली आहे. घरात माणसं तीन, ती, नवरा आणि तिची आई. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत तो विचारायचा, "पहिली बरी की दुसरी?" आणि घरी येऊन बायकोलाही भाजी, पडदे, पाहुणे सगळं याच सुरात विचारायचा. तो तिला शहरातल्या एकुलत्या एक जपानी हॉटेलात घेऊन गेला. दारावर लाल कंदील होता. आत गरम, जाड, पिवळ्या शेवया आल्या, वर अर्धं अंडं आणि मक्याचे दाणे. "हाच आमचा सोबा," वाढपी छातीठोकपणे म्हणाला. नवऱ्याने वाटी चाटूनपुसून संपवली. ती म्हणाली, "शेवयांच्या नावाखाली दोऱ्या उकडल्यात." दुसऱ्या रविवारी मोठ्या दुकानातलं पाकीट आणलं. त्याला पुठ्ठ्याची चव होती, आणि ती पाकिटाच्या पुठ्ठ्याचीच असावी. तिसऱ्या रविवारी, सोबा ज्याचा करतात ते कुट्टूचं पीठ आणून घरी मळलं, तर पाण्यात पडताच शेवयांचा भुगा झाला. चौथ्या रविवारी त्यात पाचवा हिस्सा गव्हाचं पीठ घातलं, पाणी बदललं, आणि नवऱ्याने कुठूनतरी वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा पैदा केला. तो किसून, उकळून वाटीतलं काळं पाणी केलं. ते हुबेहूब जमलं. तीन दिवस घरातून वास गेला नाही. आई म्हणाली, "आता मांजरं येतील बिऱ्हाड करायला." शेवया मात्र मुक्याच राहिल्या. मळलेलं पीठ, उकडलेलं पीठ, थंड पीठ, यापलीकडे त्या काही बोलेनात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाबद्दल तिने खुशाल म्हटलं असतं. स्वतःबद्दल म्हणण्याआधी तिने सगळी अंगणं तपासली. पीठ जुनं असेल, पाणी जड असेल, सुरी बोथट असेल. एकेकाला तिने उभं केलं, झाडा घेतला आणि निर्दोष सोडलं. संशयितांमधे शेवटी एकटी जीभ उरली. स्वयंपाकघरातले डबे ती डोळे मिटून हुंगायची आणि सगळे ओळखायची, पण वेलदोडा ओळखायला काय अक्कल लागते. चौथ्या रविवारी ती आणि आई समोरासमोर बसून त्या मुक्या शेवया खात होत्या, तोंडं मिटून, दात न वाजवता, काटा ताटलीला न लावता. या घरात असंच जेवत. लग्नानंतर महिन्याभरात नवराही तसं जेवायला शिकला होता. बोलायचं ते दोन घासांच्या मधे. तिला वाटून गेलं, ही शिस्त किती जुनी. ती चार वर्षांची असताना वडील गेले आणि आई तिला घेऊन मामाकडे आली, मागच्या एका खोलीत. मामा-मामींचं स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामधे नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडे कुणी पान उलटलं तरी अलीकडे कळायचं. आई शिवणकाम करायची, दोघींचं वेगळं शिजवायची, भावाच्या घरचा घास घेणार नाही म्हणायची आणि घ्यायची नाही. पण आपण काय खातो, किती खातो, कधी खातो, हेही फळीपलीकडे कळू नये असा तिचा हट्ट होता. ताटाखाली जुनं कापड घालायची. पातळ काही असलं की पोरीच्या हनुवटीखाली बोट धरून तोंड मिटायला लावायची. "दुसऱ्याच्या भिंतीआड राहायचं तर आपला आवाज आपल्या घशात," असं सांगायची. पोर शिकली. सात वर्षं शिकत होती. पुढे स्वतःची घरं झाली, भिंती विटांच्या झाल्या, तरी जेवताना त्या दोघींच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. नवऱ्याच्या एका मित्राने एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

पाचवा रविवार म्हणजे शेवटचा, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळीच ती गिरणीत जाऊन समोर उभं राहून दाणे दळून घेऊन आली. पीठ हाताला कोमट लागत होतं. मळून, लाटून, घडी घालून तिने सुरी हातात घेतली तेवढ्यात आई म्हणाली, "दे इकडे. मागच्या वेळी तू कापल्यास त्या बुटाच्या नाड्या होत्या." आईने डोळ्यांवर चष्मा चढवला, शिवणाच्या डब्यातली पोलादी पट्टी धुऊन घेतली, घडीवर धरली आणि सुरी चालवली. एकोणऐंशी वर्षांच्या त्या हाताला कंप होता, पण पट्टीला लागला की कंप जायचा. एकसारख्या, अंगावर अंग न घालणाऱ्या शेवया पडू लागल्या. "कापडापेक्षा बरं आहे," आई म्हणाली, "उसवत तरी नाही." मुलगी बघत राहिली. तिला आपली आई फार आवडली, आणि ते सांगायची पद्धत नसल्यामुळे तिने पाणी उकळायला ठेवलं.

भर दुपारी तिघं टेबलाशी बसली. शेवया बर्फाच्या पाण्यातून काढून निथळलेल्या, राखाडी, ठिपकेदार. डोळ्यांना तर त्याच होत्या. तिने पहिला घास नुसता घेतला, तोंड मिटलं आणि वाट पाहिली. पीठ. थंड, ताजं, उत्तम दळलेलं पीठ. तिने दुसरा घेतला, अगदी सावकाश चावला. तिला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. आली ती एक स्वच्छ खात्री, आणि खात्रीची सवय असल्यामुळे तिने ती लगेच बोलून टाकली. "नाही," ती म्हणाली. "शेवया त्याच आहेत. मीच ती नाही." मग काटा खाली ठेवून तिने नवऱ्याला आणि आईला सगळं सांगितलं, सातवा कप, काडीच्या तोंडाकडे बघून काढलेले दिवस, वरची खोली. "माझी जीभ गेली. उद्या मी मालकांना सांगणार, मी वर बसते. वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण दुसऱ्याच्या जिभेवर 'चालेल' लिहिणं मला जमणार नाही."

आई ताटलीकडे बघत राहिली. नवऱ्याने चष्मा काढून पुसला. दुसऱ्यांचे डोळे गेले की त्यांना काय सांगायचं हे त्याला ठाऊक होतं. जिभेचं त्याला ठाऊक नव्हतं. शांतता त्याला कधी सोसायची नाही. तो म्हणाला, "बरं, उद्याचं उद्या. पण इतका खटाटोप झालाय तर त्या टायवाल्या आजोबांची नक्कल तरी करून दाखव. मला एकदा दाखवली होतीस, आईंनी कुठे बघितलीये?"

"आत्ता?"

"मग कधी? उद्यापासून तू सल्लागार. सल्लागार लोक नकला करत नाहीत."

हे तिला झोंबलं. नक्कल ती फर्मास करायची आणि कुणी मागितली तर नाही म्हणायची नाही. तिने ओढणीचं टोक टायसारखं गळ्याशी खोचलं, पाठ ताठ केली, खुर्चीवरच स्टुलासारखी टोकाला सरकली, ताटली तोंडाजवळ आणली आणि आजोबा ओढायचे तशा शेवया ओढल्या, सर्रर्र, एका दमात, टोकं गालांवर आपटत, हवेसकट. असा आवाज त्या टेबलाशी कधी झाला नव्हता. नवरा हसायला लागला. ती हसली नाही. घास तोंडात तसाच धरून ती भिंतीकडे बघत बसली होती. जात्याजवळचा वास नाकात मागच्या बाजूने चढत होता. त्याच्या मागे देठ मोडल्यासारखं हिरवं. तिने गिळलं, आणि तो शेवटचा गोडसरपणा आला.

"काय गं?" नवऱ्याने विचारलं. तिने हात वर करून त्याला गप्प केलं. पुन्हा शेवया घेतल्या, पुन्हा ओढल्या. पुन्हा आलं, सगळं, त्याच क्रमाने. मग तिने तोंड मिटून एक घास खाल्ला. पीठ. तिच्या तोंडावरून नवऱ्याला काहीतरी उमगलं, त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दुकानातला आवाज काढला. "आता आवाजाशिवाय. काय दिसतंय?" "काही नाही." "आता आवाजासकट." "आहे." "पहिली बरी की दुसरी?" "दुसरी." "पुन्हा. आवाजाशिवाय." "नाही." "आवाजासकट." "आहे, आहे रे, स्वच्छ आहे!" ती ओरडलीच. नवरा मागे टेकला. "काखेत कळसा नि गावाला वळसा," तो म्हणाला. "अगं, तू पोटासाठी भुरके मारतेस, आणि पाच रविवार आम्हाला वासाचे मासे खायला घालतेस?"

खरं होतं, आणि इतकं उघड होतं की तिला लाज वाटण्याऐवजी मौज वाटली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिला एक चव धड ओळखता येत नव्हती. तेव्हाचे म्हातारे साहेब, ज्यांनी तिला शिकवलं, ते एकदा वैतागून म्हणाले होते, "अहो बाई, चहा पिऊ नका, ओढा. चव जिभेला कळते ती नुसती खारट, तुरट, गोड. बाकीची सगळी नाकाला कळते, आणि नाक वरच्या मजल्यावर आहे. हवा नाही ओढलीत तर ती जिना चढणार कशी?" त्या दिवशी दार लावून ती एकटीच टेबलाशी भुरके मारत बसली होती आणि आईचं बोट हनुवटीखाली नव्हतं म्हणून तिला एकदम रडू आलं होतं. तेव्हापासून कारखान्यात भुरके आणि घरी मौन, असे तिच्या तोंडाचे दोन कायदे झाले. जपानातल्या त्या दुकानात तिने टेबलाशी ओढते तसंच ओढलं होतं, न ठरवता, शेजारी सगळेच तसे खात होते म्हणून. दुकान, टाय, चटई, वाटीतलं काळं पाणी, सगळं तिला आठवलं होतं. स्वतःचा आवाज तेवढा आठवला नव्हता. आणि मग घास हातात धरून ती सातव्या कपापाशी परत गेली. काच. मायक्रोफोन. उघडलेली तोंडं. त्यात काय एवढं, असं ती म्हणाली होती. पण त्या दिवसापासून तिचा भुरका रोज थोडा थोडा आवरत गेला होता. तो आता चारचौघांत चालण्यासारखा झाला होता, नीटनेटका, ओठांतल्या ओठांत. कारखान्यातली जागाही तिने फळीआडची करून टाकली होती. जीभ कुठेही गेली नव्हती, जिना बंद झाला होता.

तिने तिथूनच मालकांना फोन लावला. मालक जेवत असावेत. "साहेब, मी टेबल सोडत नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं म्हणालात ना? तीन वर्षं." मालक म्हणाले, "अहो, उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं." "उद्या काम आहे. गेल्या पाच आठवड्यांत मी ठीक म्हटलेले सगळे नमुने पुन्हा मांडायला सांगा काडीला. मी नीट चाखले नव्हते. त्याने नीट चाखलेत, पण मला बघायचेत." मग मालकांनी विचारलं, "बाई, त्या काचेचा त्रास होतो का तुम्हाला? पडदा लावू? निदान तो मायक्रोफोन काढू?" "नको," ती म्हणाली. "आवाज वाढवा."

फोन ठेवून वळली तर आई उठलेली होती. आई भिंतीपाशी गेली होती, शेजारच्या बिऱ्हाडाच्या बाजूची भिंत, आणि तिथली खिडकी हळूच लोटून घेत होती, कडी वाजू नये म्हणून बोट मधे धरून. एवढ्या आनंदातही तिला ते बघवेना. "आई," ती म्हणाली, "पलीकडे कुणी ऐकत नाहीये गं. आपलं घर आहे. कोण काय म्हणणार आहे?" आईने कडी सोडली नाही. पाठमोरीच उभी राहून म्हणाली, "ऐकत होत्या. तेव्हा ऐकत होत्या."

"कोण?"

"तुझी मामी." आई येऊन खुर्चीवर बसली. पदराने टेबलावरचा पाण्याचा थेंब पुसला. "त्या जायच्या आधी मी दवाखान्यात भेटायला गेले होते बघ. तू बाहेर थांबली होतीस. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, एक विचारू? रागावू नकोस. तुम्ही दोघी जेवत होतात का गं?" नवरा उठायला लागला होता, तो तसाच बसला. "म्हणाल्या, सात वर्षं मी फळीला कान लावून बसायचे. कधी वाटी वाजली नाही, कधी पोरगी भुरकली नाही. वाटायचं, लेकराला उपाशी निजवते की काय. ताट वाढून तुझ्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. तू नको म्हणशील, तोंडावर पाडशील, म्हणून. तुझा ताठाच तसा होता." आईने ताटली जवळ ओढली आणि तिच्यातल्या शेवयांकडे बघितलं. "बावीस वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटली. मला वाटायचं, त्या मोजताहेत. आणि ती बाई रोज पलीकडे काळजी करत होती. आपण भरल्या पोटी गप्प, आणि ती ऐकत बसलेली."

मामींचा चेहरासुद्धा तिला धड आठवत नव्हता. आठवत होती ती फळीपलीकडची चाहूल, पावलं दारापर्यंत येऊन थांबणारी, जिला ती दोन्ही हातांनी तोंड दाबून घाबरायची. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लहान होता, हाडांचा. तिला मामींबद्दल फार वाईट वाटलं आणि आईबद्दल त्याहून जास्त, आणि दोघींमधली ती एक बोट जाडीची फळी आता हाताने काढून टाकता येत नाही याचं सगळ्यात जास्त.

आईने काटा उचलला. थोड्या शेवया गुंडाळल्या, मग नको तसं म्हणून सोडल्या आणि मुलीने धरली होती तशी ताटली तोंडाशी धरली. पहिल्यांदा ओढलं तर नुसती हवा आली. दुसऱ्यांदा ठसका लागला, नवरा पाणी घेऊन धावला. तिसऱ्यांदा मात्र त्या एकोणऐंशी वर्षांच्या तोंडातून असा खणखणीत भुरका निघाला की खिडकीची न लावलेली कडी हलली असती तरी नवल वाटलं नसतं. राखाडी पाण्याचे थेंब चष्म्यावर उडाले. आईने ते पुसले नाहीत. घास गिळला, भिंतीकडे तोंड वळवलं आणि शेजारणीशी बोलावं तसं, जरा मोठ्याने म्हणाली, "जेवतोय हो वहिनी. पोटभर जेवतोय आम्ही."